खेळाडू आपले, प्रशिक्षक कोणाचे?

भोसरीचे नाव घेतले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक एमआयडीसी आणि दुसरी कुस्ती. गावातल्या तालमींची परंपरा जुनी आहे. २०१३ सालची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भोसरीतच झाली आणि नरसिंग यादवने सलग तिसऱ्यांदा गदा खांद्यावर घेतली, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण या भोसरीला लागूनच दुसरी भोसरी आहे. बालाजीनगर, लांडेवाडी, शांतीनगर या वस्त्यांची ही भोसरी. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि त्यापुढच्या प्रत्येक दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, विदर्भ सोडून जी माणसे पोटासाठी इथे आली, त्यांची ही वस्ती. या माणसांच्या मुलांना गावच्या तालमीत ओळख नव्हती, खुराकाला पैसा नव्हता. मुलींसाठी तर फार काळ तालमीचे दारच बंद होते. त्यांच्या वाट्याला आले ते शाळेचे मैदान आणि शाळेच्या यादीतले खेळ.

या यादीत सॉफ्टबॉल नावाचा एक खेळ आहे. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर त्याला चार ओळीही मिळत नाहीत. तरीही शालेय स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण या सगळ्या वाटांमुळे महाराष्ट्रातली हजारो गरीब मुले-मुली आज असल्या कमी नावाच्या खेळांकडे वळतात. हाच खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा येतो आहे. २००८ नंतर त्याला वगळले होते, टोकियोत एकदा घेतले, पॅरिसमध्ये पुन्हा वगळले आणि आता परत घेतले. ऑलिंपिक आले की सरकारचे लक्ष जाते, लक्ष गेले की निधी येतो आणि निधी आला की पदे निर्माण होतात. म्हणून आताच विचारायला हवे की या पदांवर कोण बसणार? खेळाडू कोण होणार याची चर्चा आपल्याकडे होते. प्रशिक्षक कोण होणार, याची चर्चा चळवळीने कधी गांभीर्याने केली आहे का?

आधी खेळ समजून घेऊ. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ साली शिकागोत एका क्लबच्या बंद सभागृहात जॉर्ज हँकॉक नावाच्या माणसाने तो सुरू केला. बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. भारतात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ साली जोधपूरला स्थापन झाली. नऊ खेळाडू, सात डाव, साठ फुटांवर एकेक बेस. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. महिलांच्या खेळात ती त्रेचाळीस फुटांवरून टाकते, त्यामुळे फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आणि म्हणूनच या खेळात प्रशिक्षकाला मैदानातच जागा दिलेली आहे. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाहेर चुन्याने चौकट आखतात. आपल्या संघाची फलंदाजी असताना प्रशिक्षक त्या चौकटीत उभा राहतो. टोपीला हात, कोपराला हात, छातीवर हात, अशा खुणा करून तो सांगतो की चेंडू नुसता अडव, धाव चोर, थांब, पळ. बॅट खेळाडूच्या हातात असते, डोके मात्र बऱ्याच अंशी त्या चौकटीत असते.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. या खेळाचे वतन कोणत्याही घराण्याकडे नाही. कुस्तीला तालीम लागते, तालमीला वस्ताद लागतो, वस्तादामागे गाव, भावकी आणि जमीन असते. क्रिकेटला महागडे किट आणि क्लबची फी लागते. सॉफ्टबॉल पन्नास-साठ वर्षांपूर्वी आलेला. त्यात बापजाद्यांची गदा कोणाच्याच घरात टांगलेली नाही. बॅट, ग्लोव्हज, कॅचरचा मास्क हे सामान शाळा-कॉलेजचे असते. असा नवा खेळ हा नव्या वस्तीसारखा असतो. तिथे आधी कोण घर बांधतो, त्यावर पुढच्या तीन पिढ्यांची मालकी ठरते.

आता ज्या देशात हा खेळ मोठा झाला तिथे कॉलेजच्या हेड कोचची कारकीर्द कशी घडते ते पाहू. पॅटी गॅसो हे तिथले आजचे सर्वांत मोठे नाव. १९९० ते १९९४ या काळात त्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात संघ शिकवत होत्या. १९९५ च्या हंगामापासून त्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या हेड कोच झाल्या. त्या वेळी विद्यापीठाच्या मुलींना स्वतःचे मैदानही नव्हते. शहरातल्या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर संघ खेळायचा. १९९८ साली मैदान मिळाले, २००० साली पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद आले. पुढे २०१३, २०१६, २०१७ आणि मग २०२१ ते २०२४ अशी सलग चार, मिळून आठ अजिंक्यपदे या एका बाईच्या हाताखाली झाली. त्यांचा वार्षिक मेहनताना दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. २०२४ साली संघाला नवे स्टेडियम मिळाले. २०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला असले तरी सॉफ्टबॉलचे सामने मात्र शेकडो मैल दूर ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत, कारण या खेळाचे तयार स्टेडियम आणि प्रेक्षक तिथे आहेत.

ही गोष्ट वाचून कोणी म्हणेल, ही एका बाईच्या जिद्दीची कहाणी आहे. जिद्द आहेच. पण जिद्दीच्या आधी तिथे एक कायदा आहे. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ नावाने ओळखले जाणारे कलम आले. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. (त्याच वर्षी आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, हे वाचकांना आठवत असेल.) या कलमामुळे कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, मैदाने द्यावी लागली. मुलांना बेसबॉल असेल तर मुलींना काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून सॉफ्टबॉल वाढला. गॅसो यांची कारकीर्द या कायद्याच्या पायावर उभी आहे. कायदा नसता तर त्या आजही बागेतच शिकवत राहिल्या असत्या.

पण याच कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही आणि माझ्या मते आपल्यासाठी खरा धडा तिथेच आहे. १९७२ साली अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महिला होत्या. तेव्हा या कामाला पैसा नव्हता, मान नव्हता. बाईने जिम्नॅशियममध्ये तास घ्यायचा आणि संध्याकाळी फुकट संघ सांभाळायचा. कायदा आला, निधी आला, पगार वाढले. आणि मग त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसले. चाळीस वर्षांनी मुलींच्या सगळ्या खेळांतल्या संघांवर महिला प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. सॉफ्टबॉलमध्ये परिस्थिती त्यातल्या त्यात बरी राहिली, एवढेच. उलट पुरुषांच्या संघांवर महिला प्रशिक्षक शेकड्यात पाचसुद्धा झाल्या नाहीत. म्हणजे खेळणाऱ्या मुली वाढल्या आणि शिकवणाऱ्या बायांचा वाटा घटला. काळ्या मुलींचे तर विचारूच नका. अमेरिकेच्या ऑलिंपिक सॉफ्टबॉल संघात पहिली काळी महिला, नताशा वॉटली, खेळली ती २००४ साली. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला होता १९९६ ला.

यातून एक नियम निघतो. खेळण्याचा हक्क आणि शिकवण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. उलट जिथे पैसा आणि प्रतिष्ठा नसते तिथे वंचितांना मोकळे सोडले जाते आणि पैसा आला की त्यांनाच बाजूला सारले जाते. भारतीय समाजव्यवस्थेत जन्मलेल्या माणसाला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. पण खेळाच्या मैदानावर हा नियम आपण अजून ओळखलेला नाही.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या कॉलेजात ‘हेड कोच’ नावाचे पदच नसते. एका कॉलेजाला एक शारीरिक शिक्षण संचालक असतो. विद्यार्थी त्याला ‘स्पोर्ट्सचे सर’ म्हणतात. कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बुद्धिबळ हे सगळे त्या एकाच माणसाकडे. या पदाला विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी आहे, म्हणजे प्राध्यापकाच्या तोडीचा पगार आहे. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी हवी, नेट किंवा सेट हवी, शारीरिक क्षमतेची चाचणी हवी. ज्याला एकाच खेळाचा प्रशिक्षक व्हायचे आहे त्याने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका करायची. या शिड्या चढून गेलेल्या आपल्या मुला-मुलींची संख्या कमी नाही. शिडी जिथे संपते तिथे दार आहे आणि अडचण त्या दाराशी आहे.

अनुदानित कॉलेजातली भरती वर्षानुवर्षे रखडते. पद रिकामे होते, ते भरायला मान्यता मिळत नाही. मग संस्था मानधनावर माणूस ठेवते. काम तेच, मैदान तेच, संघ तेच, फक्त पगाराच्या जागी मानधन आणि तेही शैक्षणिक वर्षापुरते. उन्हाळ्यात नाव कमी, जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज. शाळांची गत वेगळी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी शिक्षक सांगितले, पण ते अंशकालीन. भाषेला पूर्ण वेळ शिक्षक, गणिताला पूर्ण वेळ शिक्षक, शरीराला मात्र अर्ध्या वेळाचा निदेशक.

भोसरी-चाकणच्या कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. बाप कंपनीत ठेकेदाराकडे, सात महिन्यांनी ब्रेक, गेटपास नवा. मुलगा बी.पी.एड., एम.पी.एड. होऊन कॉलेजात मानधनावर, नऊ महिन्यांनी ब्रेक, नेमणूकपत्र नवे. एकाच घरात दोन पिढ्यांचे दोन ठेके. १९७० साली कंत्राटी कामगार कायदा झाला तेव्हा कायम स्वरूपाच्या कामाला कंत्राटी माणूस नको, हा त्यामागचा विचार होता. कॉलेजातला खेळ हे कायम स्वरूपाचे काम नाही काय? दरवर्षी स्पर्धा होतात, दरवर्षी संघ जातात, दरवर्षी विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क घेतले जाते. मग शिकवणाराच तेवढा हंगामी कसा?

कायम पदाने काय होऊ शकते हे पाहायचे असेल तर नागपूरकडे पाहा. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि तिथून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभे राहिले. पुढे ते ‘स्लम सॉकर’ म्हणून जगाला माहीत झाले. त्यातून घडलेली मुले बेघरांच्या विश्वचषकात देशाकडून खेळली. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांनी या कामावर ‘झुंड’ काढला आणि भिंतीपलीकडे राहिलेली मुले पडद्याच्या मधोमध आणली. चित्रपटाची चर्चा भरपूर झाली. अमिताभ बच्चन यांच्या कामाची झाली, त्यातल्या भीम जयंतीच्या प्रसंगाची झाली. पण एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बारसे सरांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून या मुलांसाठी जमीन घेतली. निवृत्तीचा पैसा मिळाला, कारण कायम नोकरी होती. महिन्याचा पगार वेळेवर येत होता म्हणून संध्याकाळ वस्तीला देता आली.

आज त्याच कामाचा मानधनावरचा माणूस हे करू शकेल काय? त्याला ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. सकाळी कॉलेज, दुपारी खासगी शाळा, संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना फी घेऊन स्केटिंग. तेव्हा कुठे घरभाडे निघते. अशा माणसाने बालाजीनगरात येऊन फुकट संघ उभा करावा, अशी अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यागाची भाषणे फार झाली. समाजकार्य करायलाही आधी नोकरीची हमी लागते, हे बारसे सरांच्या कारकिर्दीने सिद्ध केले आहे. शासनाने चित्रपटाचे कौतुक करण्याऐवजी ज्या पदातून असा माणूस घडला ती पदे भरावीत.

आणि भरायची तर कशी? इथे आरक्षणाचा प्रश्न येतो. एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाचे एकच पद. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ साली चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात सांगितले की संवर्गात एकच पद असेल तर तिथे आरक्षण लागू करता येत नाही, फिरत्या बिंदूनेसुद्धा नाही. कायद्याच्या पुस्तकातली ही एक ओळ आहे, पण ती मैदानापर्यंत पोचते. ‘हे तर एकाकी पद आहे’ असे म्हटले की विषय मिटवता येतो. प्रश्न असा की पद खरेच एकाकी आहे काय? एखादी संस्था दहा-वीस कॉलेजे चालवते. प्राचार्यांच्या बदल्या करताना, निधी फिरवताना ती संस्था एक असते. मग संचालकाचे पद मोजताना प्रत्येक कॉलेज सुटे कसे होते? दहा कॉलेजांची दहा पदे एकत्र मोजली की ती एकाकी राहत नाहीत आणि बिंदुनामावलीचा प्रश्न उभा राहतोच. पद कसे मोजले, यातच प्रतिनिधित्व मिळते किंवा हरवते.

दुसरी पळवाट कंत्राटाची. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले, टीका झाली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. आंदोलनाने हे करून दाखवले, त्याची नोंद ठेवली पाहिजे. पण निर्णय मागे गेला म्हणजे प्रवृत्ती मागे गेली असे नाही. जिथे मानधन आहे, जिथे ‘बाह्यस्रोत’ आहे, तिथे बिंदुनामावली विचारायला कोणी जात नाही. खेळाच्या क्षेत्रात तर अकादम्यांना मैदाने चालवायला द्यायची नवी रीत आली आहे. मैदान महापालिकेचे, म्हणजे आपल्या करातून झालेले. ते अकादमीकडे गेले की फी अकादमीची, प्रशिक्षक अकादमीचा. वस्तीतले पोर कुंपणाबाहेर उभे राहून बघणार.

हे लिहिले की लगेच एक आवाज येतो. ‘निदान खेळात तरी जात आणू नका. तिथे गुणवत्ताच चालते.’ या वाक्याला उत्तर द्यायला हवे, कारण ते अर्धे खरे आहे. खेळाडूच्या बाबतीत गुणवत्ता कागदावर दिसते. किती धावा, किती बळी, किती मीटर, किती सेकंद. धावफलक खोटे बोलत नाही. पण प्रशिक्षक नेमताना धावफलक नसतो. तिथे मुलाखत असते, शिफारस असते, ‘आपला माणूस’ असतो आणि काही ठिकाणी पाकीटही असते, हे खेड्यापाड्यातल्या एम.पी.एड. झालेल्या पोराला माहीत आहे. जिथे मोजमाप उघड असते तिथे आपला माणूस पुढे येतो. जिथे निवड बंद खोलीत होते तिथे तो मागे राहतो.

याचा सर्वांत जुना पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. आजच्या भाषेत हे प्रशिक्षकाचे काम झाले. पण बाळूंना बॅट हातात धरू दिली गेली नाही आणि प्रशिक्षक ही पदवी तर दूरच राहिली. पुढे हिंदू संघात त्यांना घ्यावे लागले, कारण बळी मोजता येत होते. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही, कारण कर्णधार निवडला जातो. १९२० साली बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले ते १९२३ साली. बाळूंची पुढची राजकीय वाट बाबासाहेबांच्या विरोधात गेली, १९३७ ला त्यांनी निवडणूकही लढवली, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्याने मैदानावरच्या अन्यायाचा पुरावा पुसला जात नाही. बळी घेणारा हात चालतो, खूण करणारा हात चालत नाही, हा या पुराव्याचा अर्थ.

सन्मानांच्या नावांतही हीच मांडणी दिसते. प्रशिक्षकांना देशातला सर्वोच्च सन्मान १९८५ पासून दिला जातो, त्याचे नाव द्रोणाचार्य पुरस्कार. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, ॲथलेटिक्सचे नांबियार होते, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज होते. या माणसांच्या कर्तृत्वाबद्दल प्रश्न नाही. प्रश्न नावाचा आहे. ज्या गुरूने आदिवासी मुलाला शिकवले नाही आणि न शिकवता त्याचा अंगठा घेतला, त्याच्या नावाने आपण उत्तम शिक्षक ओळखतो. महाराष्ट्राने उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शकाच्या पुरस्काराला दादोजी कोंडदेवांचे नाव दिले होते. बहुजन संघटनांनी इतिहासाचा जाब विचारल्यावर ते काढावे लागले. आणि एकलव्याचे नाव कशाला दिले? अपंग खेळाडूंच्या राज्य पुरस्काराला. एकलव्य जन्माने अपंग नव्हता. त्याला अपंग केले गेले. दिव्यांग खेळाडूंच्या पराक्रमाला कोणतेही कमीपण न आणता विचारावेसे वाटते, की स्वतःच स्वतःचा गुरू झालेल्या त्या धनुर्धराचे नाव प्रशिक्षकांच्या पुरस्काराला का सुचले नाही?

नाव बदलून पोट भरत नाही, हे मान्य. म्हणून करायच्या गोष्टी सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक अनुदानित शिक्षणसंस्थेकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकावेत. शारीरिक शिक्षण संचालकाची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? त्यांची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासली? मानधनावरच्या प्रशिक्षकांना वर्षाला किती रक्कम दिली आणि विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क म्हणून किती घेतली? शेवटच्या प्रश्नातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की भाषणाची गरज उरणार नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेलाही विचारावे, की इंद्रायणीनगरच्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलापासून नेहरूनगरच्या मैदानांपर्यंत कुठे कोणत्या अटीवर प्रशिक्षक नेमले आहेत आणि वस्तीतल्या मुलांसाठी किती तास राखून ठेवले आहेत.

दुसरे काम आपल्या घरातले. मुलगी राज्य स्पर्धेत खेळली की आपण सत्कार करतो, प्रमाणपत्र जपून ठेवतो, पाच टक्क्यांतून पोलीस भरती मिळाली की समाधान मानतो. ते योग्यच आहे. अलीकडे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, त्यात खऱ्या खेळाडूचा हक्क मारला गेला. त्याविरुद्धही उभे राहिले पाहिजे. पण खेळाचे वय पंचविशीत संपते, शिकवण्याचे वय तिथून पुढे पस्तीस वर्षे असते. एक खेळाडू एक नोकरी मिळवतो. एक प्रशिक्षक दरवर्षी पंधरा मुलांचा संघ घडवतो, त्यांची निवड करतो, त्यांच्या अर्जावर सही करतो, निवड समितीत बसतो. बाबासाहेब सुशिक्षितांना मोक्याच्या जागांबद्दल सांगत असत. आपण त्याचा अर्थ कलेक्टर आणि सचिव एवढाच घेतला. चुन्याने आखलेली ती तिसऱ्या बेसजवळची चौकट हीसुद्धा मोक्याची जागा आहे. म्हणून खेळणाऱ्या मुलीला बी.पी.एड.चा, नेट-सेटचा, पतियाळाच्या पदविकेचा रस्ता दाखवणे हे वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम झाले पाहिजे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी या परीक्षांची पुस्तके ठेवायला कितीसा खर्च येणार आहे?

तिसरी मागणी शासनाकडे. २०२८ च्या नावाने जे निधी, जी केंद्रे, जी पदे येतील, ती कायम स्वरूपाची आणि आरक्षणासह असली पाहिजेत. महिलांच्या संघावर महिला प्रशिक्षक, ही अट आताच घातली पाहिजे. अमेरिकेने ती घातली नाही आणि चाळीस वर्षांत बायांच्या खुर्च्या गेल्या. आपण ती चूक कायदा होण्याआधीच टाळू शकतो, कारण आपल्याकडे खुर्च्या अजून मांडायच्याच आहेत.

ऑलिंपिक संपले की जल्लोष संपतो आणि पदके कपाटात जातात. ज्याच्या नेमणूकपत्रावर ‘कायम’ हा शब्द आहे, तो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा मैदानावर असतो. तो शब्द आपल्या मुला-मुलींच्या कागदावर यावा यासाठी लढले पाहिजे. तोवर दर हंगामात आपलीच पोरे धावत राहतील आणि थांबायचे की पळायचे, हे दुसराच कोणीतरी सांगत राहील.